सर्व्हिसेस डिसेबल करून कॉम्प्युटर लवकर सुरू होत नाही, काम मात्र बंद पडतं

‘कॉम्प्युटर चालू व्हायला तीन मिनिटं लागतात? या बारा सर्व्हिसेस डिसेबल करा आणि दहा सेकंदांत डेस्कटॉप बघा!’ हा मजकूर सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सेवा केंद्रचालकांच्या, शिक्षकांच्या, ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सर्व्हिसेस म्हणजे विंडोजमध्ये पडद्यामागे चालणारे छोटे प्रोग्राम. मजकुरात खाली पायऱ्या आहेत. सर्व्हिसेसची यादी उघडा आणि विंडोज अपडेट, प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी), विंडोज सर्च, सिसमेन, विंडोज टाइम, स्मार्ट कार्ड, फॅक्स, रिमोट रजिस्ट्री वगैरे बंद करा. मग एमएसकॉन्फिगमध्ये, म्हणजे विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवायच्या खिडकीत, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून उरलेल्या सगळ्या ‘डिसेबल ऑल’ करा. बूटच्या टॅबमध्ये प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त ठेवा. प्रीफेच फोल्डर रिकामं करा. हायबरनेशन, म्हणजे मेमरीतलं काम डिस्कवर लिहून मशीन बंद करायची सोय, बंद करून डिस्कवर जागा मिळवा. आणि ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी शेवटी एका लिंकवर ‘वन क्लिक’ फाइल.

माझी मामेबहीण जैतापूरच्या बाजूला आपले सरकार सेवा केंद्र चालवते. तिला हा मजकूर ओळखीच्या माणसाकडून आला, म्हणून तिने एका रविवारी बसून सगळ्या पायऱ्या नीट केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, ‘दादा, ठशाचं मशीन लावलंय, लाइट लागतेय, पण कॉम्प्युटर म्हणतो मशीनच नाही.’ महिना नोव्हेंबरचा. बेस्टमध्ये, गोदीत, सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढून गावी परतलेली माणसं याच महिन्यात हयातीचा दाखला द्यायला येतात. नाट्याहून, माडबनहून एसटीने किंवा रिक्षा करून आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसांना तिला परत पाठवावं लागलं. कॉम्प्युटर, बाय द वे, पूर्वीइतकाच वेळ घेऊन सुरू होत होता.

म्हणून हा मजकूर मुद्द्यामुद्द्याने तपासतो. क्रम मात्र माझा आहे, कारण यातल्या काही गोष्टी नुसत्या निरुपयोगी आहेत आणि काही सरळ नुकसान करणाऱ्या.

सगळ्यात घातक आहे ते ‘डिसेबल ऑल’. मजकूर सांगतो, मायक्रोसॉफ्टच्या लपवल्यात ना, मग उरलेल्या सगळ्या फालतू. हे कोणी ठरवलं? त्या उरलेल्या यादीत असतं काय, तर तुम्ही स्वतः कामासाठी टाकलेलं सॉफ्टवेअर. आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र थेट ब्राउझरशी बोलत नाही. मध्ये आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस असते. आधार प्राधिकरणाच्या नियमानुसार ठसा यंत्रातच सही होऊन, कुलूपबंद होऊन बाहेर पडावा लागतो, आणि तो पुढे नेण्याचं काम ही आरडी सर्व्हिस करते. ती विंडोजमध्ये एक सर्व्हिस म्हणूनच चालते आणि ती मायक्रोसॉफ्टची नाही. म्हणजे ‘डिसेबल ऑल’ दाबलं की तिच्यापुढची खूणही गेली. यंत्राचा दिवा लागतो, कारण त्याला यूएसबीमधून वीज मिळते. पण पलीकडे ऐकायला कोणी नसतं. ई-केवायसी बंद, हयातीचा दाखला बंद. दर्यावर जाळी ओढून ज्यांचे ठसे आधीच झिजलेत अशा साखरी नाट्याच्या माणसांना एरवीही चार-चार वेळा बोट ठेवावं लागतं. त्यांना ‘तुमचं बोटच लागत नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं, आणि दोष त्यांच्या बोटाचा नसतो.

याच धर्तीवर स्मार्ट कार्ड. मजकुरात लिहिलंय, ‘भारतात हे कोणी वापरत नाही, बिनधास्त बंद करा.’ हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन म्हणजे काय? ते दिसतं पेनड्राइव्हसारखं, पण आत स्मार्ट कार्डाचीच चिप असते, आणि अनेक टोकनं विंडोजशी याच स्मार्ट कार्ड सर्व्हिसमार्फत बोलतात. कंपन्यांचे जीएसटी रिटर्न, ई-टेंडर, ग्रामपंचायतीची ऑनलाइन देयकं हे सगळं त्या टोकनावर चालतं. सर्व्हिस बंद केली की टोकन लावूनही सर्टिफिकेट दिसत नाही. मग माणूस टोकन बिघडलं समजतो आणि पैसे भरून नवीन घेतो.

आणि हे नुकसान कशाच्या बदल्यात? ही सर्व्हिस कॉम्प्युटर सुरू होताना आपणहून सुरू होतच नाही. विंडोजमध्ये काही सर्व्हिसेस ‘ट्रिगर स्टार्ट’ असतात, म्हणजे कारण घडलं की जाग्या होतात. रीडर किंवा टोकन लावलं की स्मार्ट कार्ड सर्व्हिस उठते, तोवर ती झोपलेली असते. अशी सर्व्हिस डिसेबल करून वेग वाढण्याची वाट बघणं म्हणजे विझलेल्या दिव्याचा बल्ब काढून वीजबिल कमी होण्याची वाट बघणं.

ही एकच सर्व्हिस असती तर सोडून दिलं असतं. पण ती बारा नावांची यादी एकेक करून बघा. फॅक्स मुळात मॅन्युअल असते, कोणी बोलावल्याशिवाय येत नाही. रिमोट रजिस्ट्री विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आधीपासून डिसेबल ठेवलेली आहे. यादी करणाऱ्याने ती एकदाही उघडून पाहिलेली नाही याचा हा पुरावा. विंडोज टाइम घरगुती मशीनवर ट्रिगरवर चालते. विंडोज अपडेटही मॅन्युअल, ट्रिगर स्टार्ट. विंडोज सर्च ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ या गटात आहे. व्हिस्टापासून असलेली ही सोय मुद्दाम यासाठीच केली होती की तातडीची नसलेली कामं बाकीच्या सर्व्हिसेस सुरू होऊन साधारण दोन मिनिटं झाल्यावर सुरू व्हावीत. डेस्कटॉप येऊन गेल्यावर जी सुरू होते, ती डेस्कटॉप येण्यात आड कशी येईल?

आता मुख्य दावा. सर्व्हिसेस जितक्या कमी, तितका कॉम्प्युटर लवकर सुरू. ऐकायला पटतं, कारण विंडोज एक्सपीच्या काळात यात थोडंफार तथ्य होतं. त्या वेळी मशीन दर वेळी शून्यापासून उठायचं. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून तसं राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज विभागाने सप्टेंबर २०११ मध्ये आपल्या ब्लॉगवर हे सविस्तर लिहून ठेवलंय, आणि सर्व्हिसेसबद्दल सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावं. शटडाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉगऑफ होता. पण कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं, सत्र बंद केलं जात नाही. ते जसंच्या तसं डिस्कवर लिहून ठेवलं जातं. पुन्हा बटण दाबलं की ते उचलून मेमरीत ठेवायचं. यालाच फास्ट स्टार्टअप म्हणतात. त्या लेखात मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं की तपासलेल्या बहुतेक मशीनवर सुरू होण्याचा वेळ ३० ते ७० टक्क्यांनी कमी झाला.

आता नीट लक्ष द्या. विंडोजच्या सर्व्हिसेस तुमच्या सत्रात चालत नाहीत. त्या शून्य क्रमांकाच्या सत्रात असतात, आणि डिस्कवर लिहून ठेवलेल्या त्या चित्रात त्याही असतात. म्हणजे सकाळी तुम्ही बटण दाबता तेव्हा प्रिंट स्पूलर नव्याने सुरू होत नाही, काल जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. ज्या गोष्टीचा वेळ आधीच वाचवलेला आहे, ती बंद करून तुम्ही आणखी कोणता वेळ वाचवणार? काही मेगाबाइट कमी वाचावे लागतील एवढंच. घड्याळ लावून बघितलं तरी तो फरक हाती लागत नाही.

रीस्टार्टचं वेगळं आहे. रीस्टार्ट केलं की विंडोज खरोखर पहिल्यापासून उठतं, आणि तिथे सर्व्हिसेसचा थोडा वेळ लागतो. वेग वाढवण्याचे व्हिडिओ करणारे काही जण आधी रीस्टार्टचा वेळ मोजून दाखवतात आणि नंतर शटडाउन करून सुरू केलेला. दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करून फरक दाखवणं सोपं असतं.

आणि याच मजकुराची शेवटची पायरी काय आहे? हायबरनेशन बंद करा! फास्ट स्टार्टअप हायबरनेशनच्याच फाइलवर उभा आहे. हायबरनेशन पूर्ण बंद केलं की फास्ट स्टार्टअपचा पर्यायच गायब होतो आणि मशीन रोज शून्यापासून उठू लागतं. वेग वाढवायला सांगणाऱ्या यादीत, वेग देणारी विंडोजमधली एक मोठी सोय काढून टाकायची पायरी घातलेली आहे. माझ्या बहिणीच्या मशीनवर नेमकं हेच झालं होतं: सर्व्हिसेस बंद करून जे काही सेकंद वाचले असतील ते इथे व्याजासकट गेले. काही जुन्या मशीनवर फास्ट स्टार्टअपमुळे ड्रायव्हर (जोडलेली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) अडकतात आणि तो बंद करावा लागतो, हे मान्य. पण ते दुखण्यावरचं औषध आहे, वेगाचा उपाय नाही.

प्रोसेसरच्या संख्येचा मुद्दा त्याहून पोकळ आहे. एमएसकॉन्फिगमधली ती खूण केलेली नसते तेव्हा विंडोज प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले गणना करणारे भाग) वापरतंच. ती खिडकी आहे कमी कोअरवर मशीन चालवून दोष शोधण्यासाठी. चारपैकी चार निवडलेत तर काहीच बदलत नाही. चुकून एक निवडलात तर मशीन खरंच रडतखडत चालेल. त्याच्या शेजारी मेमरीची खूण आहे, तिला तर हातच लावू नका. तिथे चुकीचा आकडा पडला तर विंडोज सुरूच होत नाही.

प्रीफेच रिकामं करणं: एक्सपीपासून विंडोज कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फाइल लागतात याची नोंद तिथे ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी त्या आधीच उचलता येतात. ते पुसलं की पुढच्या काही वेळा सगळं उलट हळू होतं. फोल्डरची साफसफाई विंडोज स्वतः करतं.

आणखी एक ऐकू येतं: ‘टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामच्या यादीत) साठ-सत्तर सर्व्हिस होस्ट दिसतात, म्हणजे मशीन तुंबलंय.’ नाही. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसेसना वेगळी प्रोसेस दिली जाते, म्हणजे एक कोसळली तर तिच्याबरोबर दहा कोसळू नयेत. पूर्वी एकाच नावाखाली दडलेल्या आता वेगवेगळ्या दिसतात, एवढंच.

विंडोज अपडेट बंद करण्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण हा सल्ला आपल्याकडे सगळ्यात आवडीने पाळला जातो. नेट हळू, डेटा संपतो, ऐन गर्दीत मशीन रीस्टार्ट मागतं. ही सगळी गाऱ्हाणी खरी आहेत. त्यावर उपाय म्हणून अपडेट काही आठवडे थांबवता येतं, कामाचे तास नेमून देता येतात, नेटचं कनेक्शन ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा वापरणारं, करता येतं. पण कायमचं डिसेबल? विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. १२ मे २०१७ ला त्याच भगदाडातून वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हे दुसरं घातक सॉफ्टवेअर आलं आणि त्याने आपल्या कोकणातच, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचा समूह चालवत असलेलं टर्मिनल बंद पाडलं. कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत होतं, त्यामुळे अपडेट केलेली मशीनंही पूर्ण सुरक्षित नव्हती. पण मार्चचं ते अपडेट ज्यांनी घेतलं होतं त्यांचं एक दार तरी बंद होतं. सेवा केंद्राच्या मशीनवर अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डं, बँकेची पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. ती कोणाच्या हाती लागली तर नाट्याच्या एखाद्या विधवेच्या खात्यातले पैसे जातील, सल्ला पाठवणाऱ्याचे नाही.

विंडोज टाइमबद्दल एवढंच: जुन्या डेस्कटॉपची बोर्डावरची बटन बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. ती दुरुस्त करणारी सर्व्हिस तुम्ही बंद ठेवलीत तर चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. मग ‘सर्व्हर डाउन’ म्हणून दिवस जातो.

यातलं जे खरं आहे तेही सांगतो. चार जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असलेल्या मशीनवर सिसमेन, जिला आधी सुपरफेच म्हणायचे आणि जी नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवते, कधीकधी डिस्क शंभर टक्के व्यापून ठेवते; अशा मशीनवर ती बंद केल्यावर डेस्कटॉप आल्यानंतरची घुसमट कमी झाल्याचं मीही पाहिलंय. प्रिंटर नसलेल्या मशीनवर प्रिंट स्पूलर बंद ठेवायला हरकत नाही. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर हा दोष सापडला तेव्हा मायक्रोसॉफ्टनेच तात्पुरता उपाय म्हणून तो बंद करायला सांगितलं होतं. पण तो उपाय सुरक्षिततेसाठी होता, वेगासाठी नव्हे, आणि दाखल्याची प्रत काढून देणाऱ्या केंद्रात स्पूलर बंद केला तर प्रिंटरच नाहीसा होतो. तिसरं म्हणजे, मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या सर्व्हिसेसमध्ये खरोखर अडगळ असते: मुदत संपलेला अँटिव्हायरस, त्याच्यावर टाकलेला दुसरा अँटिव्हायरस, फेकून दिलेल्या प्रिंटरचा अपडेटर. ती अनइन्स्टॉल करा. नाव वाचून, एकेक करून.

मग मशीन खरंच कशाने अडतं? आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, फिरणारी हार्डडिस्क. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारं डोकं जागेवर सरकवण्याचा वेळ वेगळा. इकडच्या-तिकडच्या छोट्या फाइल ती सेकंदाला फार तर शंभरएक वाचू शकते, आणि विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल लागतात. साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली डिस्क, हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी, ते बघा. एचडीडी असेल तर जगातली कुठलीही सर्व्हिस बंद करून तुम्हाला दहा सेकंद मिळणार नाहीत.

दुसरं कारण, लॉगिननंतर आपोआप उघडणारे प्रोग्राम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, स्टार्टअपचा टॅब उघडा, ज्याच्यापुढे ‘हाय’ लिहिलंय ते बघा. चॅटची, मीटिंगची, गाण्यांची ॲप्स तिथून बंद करायला काहीच धोका नाही. फक्त सही करण्याचं सॉफ्टवेअर तिथे असेल तर ते राहू द्या. आणि खात्री हवी असेल तर विंडोजकडे स्वतःची नोंदवही आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोजच्या नोंदींत ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ उघडा. १०० क्रमांकाच्या नोंदीत सुरू होण्याचा वेळ मिलिसेकंदांत असतो. १०१ मध्ये उशीर करणारा प्रोग्राम, १०२ मध्ये ड्रायव्हर, १०३ मध्ये सर्व्हिस. एखादी सर्व्हिस खरंच दोषी असेल तर तिचं नाव तिथे मिळेल.

त्या ‘वन क्लिक’ फाइलबद्दल. अनोळखी माणसाने बनवलेली फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं म्हणजे त्याला मशीनवर हवं ते करायची परवानगी देणं. ती आत आणखी काय करते हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी बघितलेलं नाही. चालवली असेल तर आधी विंडोज डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) चालू आहे का बघा, पूर्ण स्कॅन करा, आणि बँकेचे, पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

ज्यांनी पायऱ्या केल्याच आहेत त्यांनी एमएसकॉन्फिगच्या पहिल्या टॅबमध्ये ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडावं, म्हणजे ‘डिसेबल ऑल’ने गेलेल्या परत येतील. सर्व्हिसेसच्या यादीतून हाताने बंद केलेल्या मात्र तिथेच जाऊन एकेक उघडाव्या लागतील: स्मार्ट कार्ड, विंडोज टाइम आणि विंडोज अपडेट मॅन्युअलवर, प्रिंट स्पूलर ऑटोमॅटिकवर, सर्च डिलेड स्टार्टवर. रिमोट रजिस्ट्री डिसेबलच राहू द्या. बूटच्या टॅबमधली प्रोसेसरची खूण काढा. हायबरनेशन परत सुरू करून पॉवरच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअपवर टिकमार्क आहे ना ते बघा. हे सगळं झालं की शटडाउन करू नका, रीस्टार्ट करा. शटडाउन करून सुरू केलंत तर जुनंच सत्र परत उचललं जाण्याची शक्यता असते, आणि आत्ता तुम्हाला सर्व्हिसेस पहिल्यापासून उठलेल्या हव्या आहेत.